फक्त भाडेकरारासाठी

सकाळी ९:३०. शटर वर करायचं, व्हॉट्सॲप वेब उघडायचं. रात्रभरात आधार, पॅन, लाइट बिलं येऊन पडलेली असतात. जून म्हणजे पुण्यात भाडेकरारांचा हंगाम.

१०:३०. नांदेडहून शिकायला आलेली मुलगी. एजंटला आधार पाठवायचंय. "दादा, आहे तसंच पाठवा ना." म्हटलं, थांब ताई. आधी मास्क्ड आधार डाउनलोड केलं. त्यात पहिले ८ आकडे झाकलेले असतात. नोंदणीच्या वेळी ओळख पडताळतातच, मग एजंटच्या फोनमध्ये पूर्ण नंबर कशाला? मग पानावर तिरपा वॉटरमार्क टाकला : 'फक्त भाडेकरारासाठी', एजंटचं नाव, तारीख. झेरॉक्सवर आडवी सही करून 'फक्त गॅस कनेक्शनसाठी' लिहायचे, तीच ही जुनी रीत. नुसतं 'कॉपी' लिहिणारे हसवतात. कॉपी आहे हे दिसतंच. कुणाला दिली, ते लिहा.

१२:००. वॉटरमार्कच्या रंगाची कसरत. फिका ठेवला तर काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये उडतो, गडद केला तर बँकवाला 'वाचता येत नाही' म्हणून परत पाठवतो. समासात टाकला तर कात्री लावायला सोपा. म्हणून मजकुरावरूनच जाऊ देतो, क्यूआर कोड तेवढा मोकळा ठेवतो.

३:००. एक काका, १५ रुपये भरून काढलेला डिजिटल सहीचा सातबारा घेऊन. "यावरही टाक." नाही काका. फाइलीत काहीही बदललं की डिजिटल सही बाद. हा आहे तसाच पाठवायचा.

५:००. खरी कटकट आता. पीडीएफमध्ये वॉटरमार्क वेगळा थर म्हणून बसतो. एडिटर असलेला कुणीही तो निवडून डिलीट करतो. म्हणून पानाची इमेज करतो, तिचीच पुन्हा पीडीएफ. फाइल फुगते, पोर्टलला मात्र मोजक्याच केबी चालतात. म्हणजे पुन्हा दाबून लहान करा. एवढं करूनही हल्लीची ॲप्स तो पुसू शकतात. वॉटरमार्क म्हणजे कुलूप नव्हे. पण न पुसता प्रत भलतीकडे सापडली, तर कुणाच्या हातून गेली ते तिच्यावरच लिहिलेलं असतं. एजंट लोकांना तो आवडत नाही, ते त्यामुळेच असावं.

८:००. डाउनलोड्स, रिसायकल बिन, व्हॉट्सॲप, सगळं रिकामं. तेवढ्यात एका काकूंचा फोन : "अरे, कालची फाइल आहे ना तुझ्याकडे?"

नाही काकू. परत पाठवा.