डोंगरातलं बेट आणि कैरीतलं पाणी

नंदुरबार जिल्ह्यात बेटं आहेत, असं सांगितलं तर भूगोलाचे मास्तर भुवया उंचावतील. इथून समुद्र गाठायचा तर सुरतेच्या पलीकडे जावं लागतं. मग बेटं आली कुठून?

नकाशात उत्तरेकडे बघा. सातपुड्याच्या रांगा ओलांडल्या की नर्मदा लागते. तिच्यावर खाली गुजरातेत सरदार सरोवराची भिंत उभी आहे, १३८.६८ मीटर पातळीपर्यंत पाणी अडवणारी. २०१९च्या पावसाळ्यात हा जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला. त्याच्या फुगवट्यानं अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. पाणी चढलं की काही टेकड्यांना ते तीन-चार बाजूंनी वेढतं. मग तिथल्या पाड्यांवर किराणा बोटीनं जातो, आणि दवाखानासुद्धा पाण्यावर तरंगत येतो!

ही झाली डोळ्यांना दिसणारी बेटं. मला नवल वाटतं ते न दिसणाऱ्या बेटाचं. धडगाव, म्हणजे अक्राणी तालुक्याचं मुख्य गाव, पाण्यानं वेढलेलं नाही. त्याच्याभोवती घाट आहेत. अर्थशास्त्राच्या हिशेबात मात्र घाट आणि समुद्र यांत फारसा फरक नसतो. वस्ती लहान, म्हणून गावातला बाजार लहान. बाहेरचा बाजार दूर, म्हणून भाडं जास्त. घेणारे मोजके, म्हणून भाव त्यांच्या हातात. येणारी प्रत्येक वस्तू महाग होऊन येते आणि जाणारी स्वस्तात जाते. १९९२च्या रिओ परिषदेनं लहान विकसनशील बेटांचा प्रश्न वेगळा आहे हे मान्य केलं. त्यानंतर १९९४ साली बार्बाडोसला, २०१४ साली सामोआला आणि २०२४ साली अँटिग्वाला या देशांच्या अडचणींवर परिषदा भरल्या. तिथल्या तक्रारींतून देशांची नावं खोडा आणि धडगाव लिहा. बाकी मजकूर बदलावा लागत नाही!

मग अशा बेटावरच्या छोट्या धंद्यानं मोठ्या बाजारात टिकायचं कसं? याचं एक उत्तर धडगावच्या भिल्ल आणि पावरा घरांत दर उन्हाळ्यात तयार होतं. त्याचं नाव आमचूर.

सुरुवात झाडापासून करू. सातपुड्यातले बहुतेक आंबे गावठी, कोयीपासून उगवलेले. आपल्याकडच्या आंब्याच्या कोयीत साधारणपणे एकच गर्भ असतो, आणि तो आई-बापांच्या गुणांची नवी मिसळ घेऊन जन्मतो. म्हणून हापूसची कोय लावली तर हापूसच येईल असं नाही. आता विचार करा, या डोंगरांतलं प्रत्येक गावठी झाड ही खरं तर एक स्वतंत्र जात आहे! कुणाची कैरी नुसत्या वासानं दात आंबवणारी, कुणाची नुसतीच तुरट, कुणाची भरपूर गराची. निसर्गानं इथं शेकडो वर्षं प्रयोगशाळा चालवली आणि तिची नोंदवही कुणीच ठेवली नाही.

पण हेच वैविध्य बाजारात आडवं येतं. शहरातल्या फळबाजाराला एका मापाचा, एका रंगाचा, एका चवीचा आंबा हवा. शिवाय पिकलेला आंबा चार दिवसांत नासतो आणि मधे घाट आहे. वळवाचा वारा सुटला की कच्च्या कैऱ्यांचा सडा पडतो, त्यांना तर कुणीच विचारत नाही. म्हणजे माल नाशवंत, मिश्र आणि दूर. व्यापाराच्या दृष्टीनं याहून वाईट काय असणार?

आता गंमत बघा. कैरी सोलली, फोडी केल्या आणि उन्हात टाकल्या की या तिन्ही अडचणी एकदम विरघळतात. वाळलेल्या फोडीला कोणी मूळ जात विचारत नाही, आंबटपणा विचारतो. ती नासत नाही. आणि तिचं वजन? कैरीच्या गरात शंभरातले पंच्याऐंशी भाग नुसतं पाणी असतं. शंभर किलो फोडी नीट वाळल्या, त्यांत दहा टक्क्यांच्या आसपास ओल उरली, की वजन भरतं सोळा-सतरा किलो. बाकीचे त्र्याऐंशी किलो पाणी होतं! ओल्या कैऱ्या घाटाखाली नेणारा गाडीवाला या पाण्याचंच भाडं घेतो. आमचूर करणाऱ्या बाईनं ते भाडं अंगणातच वाचवलेलं असतं.

तेवढं पाणी उडवायला किती ऊर्जा लागते माहीत आहे? विजेवर हे काम करायचं तर कमीत कमी पंचावन्न युनिट जळतील, एका लहान घराला दोन-तीन आठवडे पुरतील एवढे. इथं तो खर्च सूर्य करतो आणि बिल पाठवत नाही. एप्रिल-मे महिन्यांतली खानदेशची रखरखीत हवा, जिला आपण शिव्या देतो, ती या धंद्याचं सगळ्यात मोठं भांडवल आहे.

फोड नासत कशी नाही, हाही एक चमत्कारच. जंतूंना जगायला मोकळं पाणी लागतं. वाळलेल्या फोडीत जे थोडं पाणी उरतं ते गराला चिकटून बसलेलं असतं, जंतूंच्या कामाचं नसतं. ओल आणखी उतरली की बुरशीसुद्धा हात टेकते. वर सायट्रिक आम्लाचा पहारा आहेच. आणि हे आम्ल भरपूर हवं, म्हणून फळ कच्चं असतानाच उतरवायचं. पिकू दिलं की पिष्टाची साखर होते, आम्ल घटतं आणि आमचुराचा जीवच जातो.

मग सगळं आमचूर सारख्याच भावाला का जात नाही? कारण व्यापारी आधी रंग बघतो. पांढरट फोडीला चांगला भाव, काळपट फोडीला पडेल तो. फोड काळी पडते ती आळसामुळे नव्हे, रसायनामुळे. कैरी कापली की पेशी फुटतात, आतली विकरं आणि तुरट द्रव्यं एकत्र येतात, हवेतला प्राणवायू मिळतो आणि तपकिरी रंग तयार होतो. चिरलेलं वांगं आपण पाण्यात टाकतो ते याच भीतीनं. त्यात विळा लोखंडी असेल तर आणखी एक खेळ सुरू होतो: लोह आणि तुरट द्रव्यं भेटली की काळाभोर रंग धरतात. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून शाई करत, ती याच मेळातून. म्हणजे साध्या लोखंडी विळ्यानं कैरी कापणारी बाई नकळत फोडीवर शाई फिरवत असते! न गंजणाऱ्या पोलादाची सुरी, मिठाच्या पाण्याची एक बुडवणी आणि लवकर वाळवणं, एवढ्यानं भाव बदलू शकतो. स्पर्धा करण्याची ताकद ऐकायला केवढी जड गोष्ट वाटते. इथं तिची सुरुवात एका सुरीपासून होते.

लवकर वाळवायचं म्हणजे मात्र भट्टीत घालायचं नाही. तवा फार तापला की भाकरी बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. फोडीचंही तसंच होतं. एकदम फार उष्णता दिली तर वरची कातडी टणक होते आणि आतलं पाणी कोंडतं. अशी फोड हाताला सुकी लागते आणि पोत्यात गेल्यावर बुरशी धरते. उपाय आहे हलकी गरम, वाहती हवा. ४० अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ५० ग्रॅमच्या आसपास वाफ सामावते. ६० अंशांची तीच हवा सुमारे १३० ग्रॅम. पारदर्शक छताखाली, जाळीच्या ट्रेवर, हवेचा झोत खेळवणारा सौर वाळवणी-कक्ष एवढंच करतो. शिवाय खडकावर पसरलेल्या फोडींना धूळ, शेळ्या आणि अवकाळी पाऊस भेटतात, ते इथं भेटत नाहीत.

आता हजारो मैल दूर, प्रशांत महासागरात चला. सॉलोमन बेटांवर नारळ उदंड. पण पिढ्यान्‌पिढ्या तिथले लोक खोबरं धुरावर वाळवून पोत्यांत भरत आणि ते जहाजानं दूरच्या तेलगिरण्यांत जाई. किंमत कुठं वाढायची? गिरणीत. १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियातले अर्थशास्त्रज्ञ डॅन एदरिंग्टन यांनी अशा बेटांसाठी एक छोटं हातयंत्र तयार केलं. नारळ फोडा, खवा, तव्यावर सुकवा, दाबा. फोडल्यापासून तासाभरात शुद्ध तेल, तेही पाड्याएवढ्या गावात! सामोआत १९९१ साली सुरू झालेली विमेन इन बिझनेस डेव्हलपमेंट ही संस्था असंच काम करते आहे. तिथल्या घराघरांत काढलेलं खोबरेल परदेशी सौंदर्यप्रसाधनांत पोचलं. युक्ती धडगावचीच, फक्त एक पायरी पुढची: वजन बेटावरच उतरवा आणि किंमतही बेटावरच चढवा.

ही पुढची पायरी धडगावला का अवघड जाते? भुकटीचा स्वभाव बघा. आमचुराची फोड महिनोन्‌महिने टिकते, पण दळलं की त्याच आम्ल-साखरेला हवेतली ओल ओढण्याचा छंद लागतो. पावसाळ्यात भुकटीचा दगड होतो. म्हणून माल फोडींच्या रूपात उतरतो. दळण, पुडी आणि नाव घाटाखाली किंवा राज्याबाहेर लागतं. नुसती चक्की देऊन भागत नाही. ओल मोजणारं यंत्र, ओल रोखणारी पुडी आणि अन्न सुरक्षेचा परवाना हे सगळं एकत्र हवं.

उलट बाजू बघायची तर नंदुरबार शहरात या. हंगामात बाजार समितीत ओल्या लाल मिरचीच्या गाड्या लागतात, शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर मैदानंच्या मैदानं लाल होतात, आणि वाळलेल्या मिरचीची पूड करणारे कारखाने जवळच आहेत. वाळवण्याचं शास्त्र तेच, ऊन तेच, जिल्हाही तोच. फरक एवढाच की इथं सुरत-भुसावळ रेल्वे आहे, अनेक खरेदीदार आहेत, मोकळी पटांगणं आहेत. हुशारी डोंगरात कमी नाही. कमी आहे ती जोडणी.

आणि कमी आहे ती थांबण्याची ताकद. ओली कैरी आज विकावीच लागते, आमचूर थांबू शकतं. पण घरात पावसाळ्याची बेगमी व्हायची असते, बियाणं घ्यायचं असतं, छप्पर गळत असतं. मग थांबू शकणारा माल न थांबू शकणाऱ्या माणसाच्या हातात असतो, आणि सगळ्यांचा माल एकाच वेळी बाजारात येऊन भाव बसतो. कोरडं गोदाम आणि त्यातल्या मालाच्या पावतीवर उचल मिळाली तर हेच आमचूर पुढच्या सणासुदीपर्यंत थांबेल. २००७चा गोदाम कायदा नेमका अशा पावतीसाठी आहे.

तरतुदी आहेत हो! २०१८ साली वनधन योजना सुरू झाली. तिच्या एका केंद्रात बचत गटांचे मिळून ३०० सदस्य एकत्र येऊन वनोपज प्रक्रिया करून विकू शकतात. २०२० साली आलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेनं पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, दहा लाखांपर्यंत अनुदान आणि बचत गटातल्या सदस्यामागे चाळीस हजारांचं बीजभांडवल ठरवलं. जिल्ह्यातल्याच नवापूरच्या तूरडाळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. लहान शेतकऱ्यांचं सामाईक नाव कायद्यानं राखता येतं, याचं ते घरचं उदाहरण.

आणि शेवटचं नवल, जे उकिरड्यावर पडलेलं असतं: कोय. पक्व कोयीच्या आतल्या गरातलं तूप वागण्यात कोको बटरच्या इतकं जवळचं असतं की युरोपच्या चॉकलेट-नियमांनी ज्या सहा वनस्पतिजन्य चरबींना पाच टक्क्यांपर्यंत परवानगी दिली, त्यांत आंब्याच्या कोयीची चरबी आहे. म्हणजे सातपुड्यातला आंबा पाणी सोडून देतो, आंबटपणा विकतो, आणि वर चॉकलेटच्या कारखान्याचा दरवाजाही ठोठावू शकतो.

अनुदानाचा आकडा मोठा असला म्हणजे बेटावरचा धंदा टिकतो असं नाही. सुरी, वाळवणी-कक्ष, गोदाम, पुडी आणि दुसरा खरेदीदार या साखळीतली एकही कडी वगळून चालत नाही, आणि यातली एकही कडी फार महाग नाही. तुमच्या हातातही एक कडी आहे. पुढच्या वेळी आमचूर घ्याल तेव्हा पुडीची मागची बाजू वाचा. पॅकिंग कुठं झालं ते तिथं छापलेलं असतं. धडगाव किंवा अक्कलकुवा दिसलं तर तीच पुडी घ्या. नाही दिसलं तर दुकानदाराला ती मागवायला सांगा.