क्राऊन-पिनियन मागवण्यापूर्वी फेरे मोजा

जुन्या विलायती स्पोर्ट्स गाडीचे डिफ्रेन्शियल आवाज करू लागले की कारागीर पुस्तकातला आकडा पाहून क्राऊन-पिनियन मागवतो. माल दूरचा, परत करणे महागाचे. म्हणून आधी गाडीत खरोखर काय बसले आहे ते मोजावे, असे आम्ही सुचवतो.

इंग्लंडच्या एम.जी. कंपनीची एमजीए (१९५५ ते १९६२) घ्या. तिच्या पिनियनला १० आणि क्राऊनला ४३ दात, म्हणजे रेशो ४.३. शेवटच्या १६०० मार्क-दोन मॉडेलात तो ४.१ झाला. १९६२ च्या एमजीबीत दात ४३ आणि ११, रेशो ३.९०९. एमजीबीच्या सुरुवातीच्या बॅन्जो हाउसिंगमधले हे डिफ्रेन्शियल एमजीएला बसते. लांबच्या प्रवासात इंजिन कमी फिरावे म्हणून पुष्कळ मालकांनी ते बसवूनही घेतले. मग पुस्तकावर भरवसा कसा ठेवणार?

मोजण्यासाठी काही खोलावे लागत नाही. मागचे एकच चाक उचलून खाली स्टँड लावा. बाकीच्या चाकांना पुढून-मागून गुटके, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सुटा. उचललेल्या चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. चाक पुढच्या दिशेने बरोबर २० वेळा फिरवा. जोडीदाराने शाफ्टचे फेरे मोजावेत. दुसरे चाक जमिनीवर अडलेले असल्याने मोकळ्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक. तेव्हा २० म्हणजे क्राऊनचे १०. शाफ्ट ४३ वेळा फिरला तर ४.३, ४१ वेळा तर ४.१, ३९ च्या थोडा पुढे गेला तर ३.९०९. दोन-चार फेऱ्यांवर भागवू नका, तेवढ्यात ४.१ आणि ३.९ मधला फरक डोळ्यांना कळत नाही.

क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घ्यावेत. ते कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. एकाच्या जागी दुसऱ्या जोडीतला नग घातला तर आवाज हमखास येतो, मग गिऱ्हाइकाची तक्रारही येते. नंतरच्या एमजीबीत ट्यूब पद्धतीची धुरा आली. तिचा रेशो ३.९०९ च असला तरी बॅन्जोचे क्राऊन-पिनियन तिला चालत नाहीत, हेही ऑर्डर देताना स्पष्ट सांगावे.

रेशो बदलला की स्पीडोमीटरही जुळवून घ्यावा लागतो, कारण त्याची केबल गिअरबॉक्समधून निघते. ४.३ च्या जागी ३.९०९ बसवून मीटर तसाच ठेवला, तर गाडी ताशी ६६ मैलांनी धावत असताना काटा ६० दाखवतो. चालवणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. हे काम बिलात आधीच धरावे आणि मालकाला तसे सांगावे.