समुद्राकडे पाठ करून

मॉरिशसचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे. मुंबईहून गेलेल्या माणसाला पहिल्या सकाळी ते लगेच जाणवतं. भिंतीवर सहा वाजलेले असतात, पोटात मात्र साडेसात. हॉटेलातला बुफे अजून मांडायचा असतो. जाग आलेली, भूक लागलेली आणि बाहेर उजाडलेलं, म्हणजे बेटावरचा नाश्ता शोधायला निघायची हीच वेळ. बहुतेक पाहुणे मात्र खोलीतल्या किटलीवर चहा करतात, बाल्कनीतून समुद्र बघत बसतात आणि आठ वाजता क्रोसाँ, कलिंगडाच्या फोडी आणि जगातल्या कुठल्याही पाहुण्याला चालेल असं ऑम्लेट खाऊन घेतात. त्यात वाईट काही नाही. पण तसं ऑम्लेट फुकेतलाही मिळतं.

अडचण आहे ती नकाशाची. मॉरिशसची हॉटेलं किनाऱ्यावर आहेत: ग्रां बे, फ्लिक आं फ्लाक, ल मॉर्न. बेटाची वस्ती साधारण साडेबारा लाख, पण तिचा मोठा हिस्सा राहतो आतल्या उंच, थंडगार पठारावर. रोझ हिल, कात्र बोर्न, व्हाकवा, क्यूरपिप ही गावं तिथे एकमेकांना चिकटून उभी आहेत. सकाळी सहा ते साडेआठ या वेळात कामावर आणि शाळेत जाणारी माणसं इथल्या बसस्थानकांवर आणि नाक्यांवर उभ्याउभ्या खातात. किनाऱ्यावरच्या हॉटेलच्या दारात चांगली गाडी सापडली, तर तो योगायोग समजावा. नाश्त्यासाठी समुद्राकडे पाठच करावी लागते.

आता हे सोपंही झालं आहे. २०२० च्या जानेवारीपासून पोर्ट लुई ते रोझ हिल मेट्रो धावू लागली आणि २०२२ मध्ये ती क्यूरपिपपर्यंत पोचली. आपल्याकडच्या लार्सन अँड टुब्रोने उभारलेला हा मार्ग बरोबर या खाणाऱ्या गावांमधून जातो. एका टोकाला बसावं, मध्ये दोन ठिकाणी उतरावं आणि दोन वेळा नाश्ता करावा, असा बेत कुणी केला तर त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

उतरल्यावर पहिल्यांदा नजरेला पडते ती काचेची पेटी. कधी ती ढकलगाडीवर असते, कधी दुचाकीच्या मागे, कधी टपरीच्या फळीवर. आत कापडाखाली मऊसूत पिवळ्या पोळ्यांची चवड असते आणि शेजारी दोन-तीन डबे. पाटीवर रोमन लिपीत जे लिहिलेलं असतं, ते मराठी माणूस हमखास ‘ढोल पुरी’ असं वाचतो. ती असते दालपुरी. इंग्रजांच्या काळातलं डाळीचं स्पेलिंग पाटीवर तसंच राहून गेलं आहे.

नावात पुरी असली तरी ती तळत नाहीत. हरभऱ्याची किंवा वाटाण्याची पिवळी डाळ उकडायची, हळद-जिरं घालून कोरडी वाटायची, मैद्याच्या गोळ्यात भरायची, कागदासारखी पातळ लाटायची आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकायची. पुरणपोळी करणाऱ्या बाईला यातली मेख लगेच कळेल: डाळ बोटांत चुरडेल इतकीच शिजली पाहिजे. जास्त शिजली की सारण ओलं होतं आणि लाटताना पोळी फुटते. फरक दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे यात गूळ-साखर नाही. दुसरा जास्त गमतीचा: आपल्याकडे डाळीच्या ज्या पाण्याची कटाची आमटी होते, त्या पाण्यात तिथे पीठ भिजवतात. त्यामुळे पोळीलाही डाळीची चव लागते आणि गार झाली तरी ती वातड होत नाही.

दालपुरी एकेरी विकत नाहीत, जोडीने विकतात. मॉरिशसच्या क्रिओल भाषेत ‘एन पेर’ म्हणजे एक जोडी. विक्रेता दोन पोळ्या तळहातावर पसरतो, त्यावर ‘कारी ग्रो प्वा’ म्हणजे पुण्यात ज्याला डबल बी म्हणतात त्याची दाटसर उसळ, मग टोमॅटोची ‘रुगाय’, मग चटणी, शेवटी वाटलेली मिरची असं भराभर लावतो. गुंडाळी पातळ कागदात बांधून हातात येते. सगळं मिळून पंधरा-वीस सेकंदांचं काम. रोझ हिलचं देवा अँड सन्स हे यातलं सर्वांत गाजलेलं नाव. तिथल्या रांगेत स्थानिक आणि पाहुणे दोन्ही दिसतात, एवढंच त्याच्याबद्दल पुरे. पण दालपुरीवर मनापासून वाद घालणारा मॉरिशसकर आपल्याच नाक्यावरच्या गाडीचं नाव सांगेल, आणि ते ऐकायला हवं.

शब्द ओळखीचे वाटू लागले असतील तर नवल नाही. चटणीची तिथे ‘सातिनी’ झाली, पराठ्याचा ‘फराटा’, आणि अळूच्या कंदाचे म्हणजे अरवीचे वडे ‘गातो आरूय’ झाले. मसाला ज्यावर वाटायचा तो पाटा म्हणजे ‘रोस कारी’. ‘रोस’ हा फ्रेंचमधला दगड, ‘कारी’ आपल्याकडची. आपल्याकडचे हे शब्द बेटावर आले ते मजुरांबरोबर. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ॲटलस नावाचं जहाज करारबद्ध भारतीय मजुरांना घेऊन पोर्ट लुईला लागलं. पुढच्या काही महिन्यांत बेटावरची गुलामगिरी संपली, आणि उसाच्या मळ्यांना लागणारी माणसं भारतातून येत राहिली. १९२० च्या सुमारापर्यंत पाच लाखांच्या जवळपास लोक या बंदरात उतरले. सर्वांत जास्त भोजपुरी मुलखातले, त्याखेरीज तमिळ, तेलुगू आणि मुंबई बंदरातून गेलेले मराठी. करारात ठरलेल्या शिध्यात तांदूळ, डाळ, तेल, मीठ असे. दालपुरी बिहारची, पण तिच्यावरची रुगाय फ्रेंच वळणाची आणि वर थाइमचा वास. एका कागदाच्या पुडीत इतकं सगळं बसतं.

हे मजूर ज्या धक्क्यावर उतरले, त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. तिथल्या दगडी सोळा पायऱ्या प्रसिद्ध आहेत. पोर्ट लुईचा मध्यवर्ती बाजार तिथून चालत थोड्याच अंतरावर. आधी बाजारात खावं, मग घाट बघावा. उलट क्रम लावला तर दहानंतर ऊन चढतं आणि दोन्हीतली मजा जाते.

दालपुरी दुपारपर्यंत, कुठे कुठे संध्याकाळीही मिळते. निव्वळ सकाळचा म्हणावा असा पदार्थ वेगळाच आहे: ‘दिपँ गातो पिमा’. ‘दिपँ’ म्हणजे पाव, ‘गातो’ म्हणजे केक आणि ‘पिमा’ म्हणजे मिरची. प्रत्यक्षात भिजवलेली डाळ भरड वाटून, कांद्याची पात, कोथिंबीर, जिरं आणि हिरवी मिरची घालून तळलेले सुपारीएवढे गोळे. डाळवड्याचं धाकटं भावंड. कडक सालीचा लहान फ्रेंच पाव मधोमध चिरायचा, आत लोणी फासायचं, कढईतून काढलेले चार-पाच गरम वडे कोंबायचे आणि दाबायचे. लोणी वितळून वड्यात मुरतं. मुंबईच्या माणसाला वडापावाची आठवण येणारच. पण या जोडीत बटाटा नाही, लसणाची कोरडी चटणी नाही, आणि लोणी आहे. वडापावाची तुलना करत खाल्लं तर चुकल्यासारखं वाटतं, न करता खाल्लं तर दुसरा मागवावासा वाटतो.

पाव हे मॉरिशसमधलं रोजचं अन्न आहे. सरकार पिठावर अनुदान देतं आणि लहान पावाचा भाव ठरवून देतं. तो पाव पोचतो तो गल्लीतल्या ‘लाबुतिक सिन्वा’त, म्हणजे चिन्याच्या दुकानात. दक्षिण चीनमधून आलेल्या कुटुंबांनी गावोगावी ही दुकानं थाटली. उधारीची वहीही असे, आपल्या वाण्याकडे असते तशीच. आता सुपरमार्केटांनी त्यांची संख्या घटवली असली, तरी जिथे असं दुकान आहे आणि सकाळी सातला दारात पिशव्या घेतलेली माणसं आहेत, तिथे आसपास एक कढई पेटलेली असतेच. पाव दुकानातून, वडे गाडीवरून, असा दोन हातांचा व्यवहार. चहा दुधाचा, गोड. मॉरिशसची खास चव हवी असेल तर व्हॅनिला घातलेला चहा मागावा. बेटाच्या दक्षिणेला ब्वा शेरीचा मळा १८९२ पासून चहा पिकवतो. आलं-वेलचीवर वाढलेल्या जिभेला व्हॅनिलाचा चहा पहिल्या घोटाला अत्तरासारखा वाटतो. तिसऱ्या दिवशी सवय होते.

गाडी निवडायची कशी? पाहुणे रांगेची लांबी बघतात. त्यापेक्षा रांगेत कोण आहे ते बघावं. शाळेच्या गणवेशातली मुलं, बसचे कंडक्टर, बाजाराची पिशवी घेतलेल्या आजी असतील तर डोळे झाकून उभं राहावं. सगळ्यांच्या हातात फोन आणि डोक्यावर नव्या टोप्या असतील तर पुढची गाडी बघावी. दुसरी खूण कढईची: घाणा समोर निघत असेल तर उत्तम, आणि परातीत आधीच डोंगर रचलेला असेल तर थांबून नव्या घाण्याची वाट बघण्यात कमीपणा नाही.

वार लक्षात ठेवायला हवेत. पूर्वेच्या फ्लाकचा मोठा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, आग्नेयेच्या माएबुरचा सोमवारी. बाजाराच्या दिवशी खाणं कैक पटींनी वाढतं: सामोसे, वांग्याच्या कापांची भजी, चिनी पद्धतीचे तिळाचे गोळे, तांदळाच्या पिठाचे वाफवलेले, खोबरं-साखर घातलेले ‘पुतू’. तमिळ घरांतलं पुट्टूच ते. माएबुरला गेलंच तर पलीकडच्या व्हिल न्वारमधला रो कुटुंबाचा बिस्किट कारखाना पाहावा. १८७० पासून तिथे कसाव्याच्या पिठाची बिस्किटं होतात आणि उसाच्या वाळक्या पाल्याच्या जाळावर भाजली जातात. रविवारी मात्र सावध राहावं. पोर्ट लुईतली बरीच दुकानं दुपारी बंद होतात.

शाकाहारी माणसाला दालपुरी आणि गातो पिमा बिनधास्त चालतात. सामोशात कधी बटाटा असतो, कधी कोंबडी, कधी ट्यूना मासा, म्हणून ‘एना लाव्यान?’ म्हणजे ‘मांस आहे का?’ असं विचारून घ्यावं. ‘तिगित पिमा’ म्हणजे मिरची थोडी, ‘सां पिमा’ म्हणजे मिरचीशिवाय. हे शब्द न येणाऱ्यालाही हिंदी सिनेमामुळे थोडंफार निभावता येतं. पण सुरुवात ‘बोंझूर’ने करायची. नमस्कार न करता थेट मागणी करणं तिथे उद्धटपणाचं समजतात, गर्दी कितीही असो.

व्हाकवाच्या आसपास मराठी घरं बरीच आहेत. गणेश चतुर्थीला सबंध देशाला सुट्टी असते. त्या दिवशी या घरांत मोदक आणि पुरणपोळी होते, आणि पुरणपोळी करणाऱ्या त्याच हातांनी एरवी दालपुरीही लाटलेली असते. गोड आणि तिखट अशा या दोन बहिणी एकाच तव्यावर पाहायच्या असतील तर ऑगस्ट-सप्टेंबरमधली तिथी बघून तिकीट काढावं. बाकी वर्षभर सकाळी पावणेसातला कात्र बोर्नच्या बसस्थानकाजवळ सुटे पैसे घेऊन उभं राहिलं तरी चालतं. नऊपर्यंत गरम गातो पिमा मिळतात. नंतर येणाऱ्याला पाव मिळतो, वडे बहुतेक गार झालेले असतात.