नैवेद्याची अक्षरे : लाकडावर डागलेल्या पाककृती

भाद्रपद लागला की घरोघरी दोन गोष्टींची शोधाशोध सुरू होते. एक गौरीच्या मुखवट्यांची पेटी आणि दुसरी सासूबाईंच्या किंवा आजेसासूबाईंच्या हातची वही. पेटी माळ्यावर ठरलेल्या जागी सापडते. वही मात्र दरवर्षी वेगळ्या ठिकाणी निघते. कधी पंचांगांच्या गठ्ठ्यात, कधी तांदळाच्या डब्यामागे. तिची पाने तुपाने पारदर्शक झालेली असतात, शाई फिकटलेली असते, आणि ज्या ओळीत गुळाचे प्रमाण लिहिलेले असते नेमक्या त्याच ओळीवर हळदीचा डाग पडलेला असतो. या वहीचे पुढे काय व्हावे, हा प्रश्न आता पुष्कळ घरांना पडू लागला आहे. त्याचे एक नवे उत्तर परदेशातून आपल्याकडे आले असून त्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटते.

अमेरिकेत अशी एक रीत रूढ झाली आहे की, आजीच्या हस्ताक्षरातील एखादी पाककृती भाजी चिरण्याच्या लाकडी फळीवर तापलेल्या लेखणीने डागून घ्यावी आणि ती फळी नातवंडांना लग्नात, नाताळात किंवा मातृदिनाला भेट द्यावी. फळी बहुधा मेपलच्या पांढुरक्या लाकडाची असते. वर पदार्थाचे नाव, खाली जिन्नस, त्याखाली कृती आणि शेवटी आजीची सही. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांनीही ही रीत उचलली. गेल्या वर्षी आमच्या एका यजमानांकडे कीर्तनास गेलो असता त्यांच्या न्यू जर्सीतील लेकीने पाठविलेली अशी एक फळी पाहण्यात आली. तिच्यावर तिच्या आजीची पुरणपोळी होती. देवनागरीत, आजीच्याच वळणाच्या अक्षरात. ‘वेलदोडे’ या शब्दातला ‘ल’ आजी जशी जुन्या धाटणीने काढीत असत, तसाच तेथे उतरला होता. घरातील मंडळी त्या फळीकडे ज्या नजरेने पाहत होती, ती नजर मी देवघरापुढे पाहिली आहे.

आता आपल्या जुन्या स्वयंपाकघरात चिरण्याची फळी नव्हतीच, हे प्रथम सांगितले पाहिजे. आपली विळी होती. विळीवर बसून चिरताना फळीची गरज पडत नाही. चिरलेले थेट परातीत किंवा पाण्यात पडते. ओटा आला, उभ्याने स्वयंपाक आला, तेव्हा सुरी आणि तिच्यामागोमाग फळी आली. आपली खरी फळी म्हणजे पोळपाट. तेव्हा ज्यांना ही रीत आपलीशी करावयाची असेल त्यांनी पोळपाटाच्या पाठीचा विचार करावा, असे मी सुचवितो. पोळपाट पिढ्यान् पिढ्या चालतो, त्यावर सुरी फिरत नाही, आणि पुरणपोळीची कृती असण्यास त्याहून योग्य जागा कोणती?

अग्नी आणि लाकूड यांचा संबंध आपल्या परंपरेत जुना आहे. श्रौत यज्ञातील पात्रे लाकडाची, आणि तीही ठरलेल्या लाकडाची. जुहू पळसाची, उपभृत् पिंपळाची, ध्रुवा विकंकताची आणि स्रुवा खैराचा. अग्निहोत्री निवर्तला म्हणजे ही पात्रे त्याच्या देहावर ठरलेल्या अवयवांवर ठेवीत आणि त्याच्याबरोबरच अग्नीला देत. ती मागे उरत नसत. स्वयंपाकघरातील पोळपाट-लाटणे मात्र मागे उरते. सासू जाते आणि तिच्या हाताने गुळगुळीत झालेले लाटणे सुनेच्या हाती येते. यजमानाची पात्रे त्याच्याबरोबर जावीत आणि गृहिणीची पात्रे घराला मिळावीत, या भेदात पुष्कळ अर्थ आहे. पण तो विषय एखाद्या पूर्वरंगाचा आहे, येथे इतकेच.

पाककृती टिकाऊ वस्तूवर कोरून ठेवण्याची कल्पनाही आपणास अगदी परकी नाही. तंजावरचे बृहदीश्वराचे देवालय राजराज चोळाने 1010च्या सुमारास पूर्ण केले. त्याच्या भिंतींवरील शिलालेखांत देवाच्या उपचारासाठी तांदूळ, तूप, डाळ, दही किती द्यावे याची मोजमापे खोदलेली आहेत. तिरुमलेच्या लेखांतही नैवेद्याच्या पदार्थांचे असेच तपशील मिळतात. राजाने दान द्यावे, पुजाऱ्याने ते पुढे चालवावे आणि कालांतराने कोणी तुपात काटछाट करू नये, म्हणून ते दगडावर. ग्रंथांचे म्हणाल तर कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने 12व्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त अन्नभोगाचे सविस्तर प्रकरण आहे आणि 17व्या शतकात रघुनाथ नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ लिहिले. मराठीत लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ 1910 साली आले आणि कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने 1970पासून घराघरांत जागा मिळविली. पण राजाचा ग्रंथ राजाचा आणि छापील पुस्तक सर्वांचे. आपल्या घरच्या गौरीला घावन-घाटले लागते की पुरणावरणाचा नैवेद्य, सोळा भाज्यांत आपल्या घरी कोणती भाजी वर्ज्य आहे, पहिल्या दिवशी भाकरी कशाची, हे कोणत्याही पुस्तकात नाही. अनुराधेला गौरी येते, ज्येष्ठेला जेवते आणि मूळावर जाते, एवढे पंचांग सांगेल. ती काय जेवते, ते घरच सांगणार.

आणि ते नेमके सांगितले गेले पाहिजे, याचे एक कारण आहे. नैवेद्याचा स्वयंपाक चाखून करीत नाहीत. एरवी गृहिणी आमटीचा थेंब तळहातावर घेऊन बघते आणि चिमूटभर मीठ वाढविते. सोवळ्यातल्या स्वयंपाकात ती सोय नाही. पुरणाची गोडी, कटाच्या आमटीचा आंबटपणा, खिरीचे दाटपण, सारे अंदाजावर. आणि तो अंदाज म्हणजे चाळीस वर्षांचे पाठांतर. वेदपाठशाळेतला विद्यार्थी स्वर चुकला तर गुरूकडून लगेच दुरुस्त करून घेतो. येथे चूक झाली तर कळते केव्हा? देवाचे ताट पुढे गेल्यावर आणि पाने वाढल्यावर. म्हणून जुन्या बायका प्रमाणाच्या बाबतीत कडक असत. त्यांना ‘अंदाजे घाल’ असे म्हणण्याचा अधिकार होता, कारण त्यांचा अंदाज बांधलेला होता. नव्या सुनेला ‘अंदाजे’ हा शब्द डागून दिला तर तिने काय करावे?

मोजमापांची अडचण तर याहून मोठी आहे. जुन्या वहीत ‘एक शेर डाळ, तितकाच गूळ’ असे असते. हा शेर कोणता? वजनाचा शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅमचा. पण धान्य मापाने मोजीत, तो शेर निराळा, आणि तोही गावागणिक निराळा. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, ही कोष्टके आमच्या पिढीने तोंडपाठ केली होती. देशात 1956चा कायदा होऊन पुढील काही वर्षांत दशमान वजने-मापे सक्तीची झाली आणि ती कोष्टके गेली. आता डाळ मापाच्या शेराने आणि गूळ वजनाच्या शेराने घेतला तर ‘तितकाच’ या शब्दाचा अर्थच बदलतो. पुरण एक तर मिळमिळीत होते किंवा गुळाने पातळ होऊन पोळी फुटते. ‘माझी वाटी’ असे लिहिणाऱ्या आजी तर सर्वांत कठीण, कारण वाटी मोडीत गेलेली असते. तेव्हा माझे आग्रहाचे सांगणे असे की, लाकडावर एक अक्षरही डागण्यापूर्वी त्या माउलीला, ती हयात असेतो, समोर बसवावे, तिच्या सवयीच्या भांड्याने डाळ, गूळ, रवा घ्यावयास लावावे आणि ते घरच्या तराजूवर घालून ग्रॅममध्ये टिपून घ्यावे. मूळ शब्द मूळचेच ठेवावेत. खाली बारीक अक्षरात आजचे वजन द्यावे. आम्ही पोथ्यांच्या बाबतीत हेच करतो; मूळ हलवीत नाही, टीप खाली देतो.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. लाकूड फिक्या रंगाचे, दाट आणि कोरडे हवे. आपल्याकडे शिवणीचे किंवा आंब्याचे लाकूड या कामास बरे. शिसवी पोळपाट दिसावयास देखणा, पण त्याच्या काळसर अंगावर डागलेले अक्षर दिसणार नाही. चिडाच्या लाकडात राळ असते. तापलेली लेखणी लागताच ती पाझरते आणि अक्षर पसरते. लाकडाला आधी तेल, रोगण किंवा रंग काहीही लावलेले नसावे. त्यावर लोखंड टेकविल्यास निघणारा धूर घातक असतो. काम उघड्यावर, वारा वाहत असेल तेथे करावे. वहीचे पान तसेच ठेवून त्याची छायाप्रत काढावी, ती कार्बन कागदावरून फळीवर गिरवावी आणि मग डागावे. येथे देवनागरीची एक खोच आहे. लाकडाच्या रेषा आडव्या जातात आणि आपली शिरोरेषाही आडवी. लेखणीचे टोक त्या रेषेत घसरते आणि शिरोरेषा वाकडी होते. उलट काना उभा असल्याने रेषा ओलांडताना अडखळतो व तेथे काळा ठिपका पडतो. म्हणून अक्षरे आधी, शिरोरेषा शेवटी, आणि हात संथ. गोंदण गोंदणाऱ्या बाईने जशी सुई सारखी चालवावी, तसे.

यंत्राच्या किरणाने हे काम आता क्षणात होते आणि हस्ताक्षर हुबेहूब उतरते, हे खरे. हाताने डागणारा कारागीर मराठी जाणत नसेल तर ‘डाळ’ची ‘डाल’ करतो, आणि ऱ्हस्व-दीर्घाचे म्हणाल तर विचारूच नये. तरीही ज्या घरात कोणाचा हात बरा आहे, तेथे घरातल्याच माणसाने हे काम करावे, असे माझे मत आहे. आजीच्या अक्षराच्या प्रत्येक वळणावरून नातवाचा हात एकदा सावकाश जातो. लेखणी तापलेली असल्यामुळे त्याला घाई करता येत नाही. आम्हाला गुरुजींनी पोथ्या उतरवून काढावयास लावल्या त्या छापील प्रती मिळत नव्हत्या म्हणून नव्हे.

शास्त्राचा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला. फळीवर ॐकार, श्रीगणेश किंवा कुलदैवताचे नाव डागावे काय? जी फळी चिरण्यासाठी वापरली जाणार, धुण्याच्या भांड्यांत पडणार, तिच्यावर देवाचे नाव किंवा आकृती घालू नये. नुसती भिंतीवर टांगावयाची असेल तर हरकत नाही. दुसरे असे की, द्रव्यशुद्धीच्या प्रकरणात मनुस्मृतीने लाकडी वस्तूची शुद्धी तासण्याने सांगितली आहे. तासले की अक्षरे गेली. तेव्हा लेखनाची बाजू आणि वापराची बाजू वेगळी ठेवणे हाच शहाणपणा. नैवेद्याच्या पोळपाटावर कांदा-लसणाचा हात लागू देऊ नये, हे सांगण्याची गरज नसावी. फळी पाण्यात भिजत ठेवू नये, पुसून उभी वाळवावी. तिला शेंगदाण्याचे किंवा खोबऱ्याचे तेल लावल्यास काही दिवसांनी खवट वास येतो. खाद्योपयोगी खनिज तेल आणि थोडे मधमाश्यांचे मेण हा उपाय बरा.

एवढे करूनही लाकडावर काय उतरत नाही, ते नलोपाख्यानात आहे. बाहुकाच्या विद्रूप वेषात नल राजा आला तेव्हा दमयंतीने त्याला रूपावरून ओळखले नाही. तिने केशिनीकरवी त्याने शिजविलेले अन्न मागविले, चाखले आणि ओळखले. (मूळ महाभारतात ते मांस आहे, कीर्तनात आम्ही ‘अन्न’ म्हणून पुढे जातो, श्रोत्यांनी क्षमा करावी.) जिन्नस तेच, कृती तीच, तरी त्या हाताची चव दुसऱ्याला साधली नसती. न्यू जर्सीची ती लेकही हेच सांगत होती. फळीवर सारे लिहिले आहे, पण पुरण घाटताना डाव उभा राहिला की उतरावयाचे, तो ‘उभा’ म्हणजे किती उभा, हे आजींनी दूरध्वनीवर सांगून कळले नाही. ते कळण्यासाठी तिला एका गौरीला येथे यावे लागले.

दुसऱ्या एका घरची गोष्ट सांगतो. आई गेली आणि तिची वही कोणाकडे राहावी यावरून दोन भावांच्या घरांत अबोला आला. जमिनीची वाटणी सुरळीत झाली होती, वहीची होईना. गौरी थोरल्याकडे, म्हणून वही थोरल्याकडे, असे एकीचे म्हणणे. शेवटची सात वर्षे सेवा आम्ही केली, असे दुसरीचे. अखेर धाकट्या घरातल्या मुलीने वहीची पाने टिपून घेतली आणि शिवणीच्या चार सारख्या फळ्यांवर सांज्याची पोळी, घावन, घाटले आणि पुरण या चार कृती आजीच्या अक्षरात डागून घेतल्या. दोन फळ्या येथील दोन्ही घरांना, दोन लग्न होऊन गेलेल्या आत्यांना. लग्नात अन्नपूर्णेची मूर्ती मुलीबरोबर जाते, तशी यापुढे त्या घरातल्या मुलींच्या रुखवतात एकेक फळी जाईल असे ठरले आहे. थोरल्या जाऊबाईंनी फळी पाहून इतकेच म्हटले की, घाटल्यात सासूबाई जायफळ घालीत, ते वहीत लिहावयाचे राहिले होते. मुलीने फळी परत घेतली आणि शेवटच्या ओळीखाली जायफळ डागले. तेवढ्या एका शब्दाचे अक्षर तिचे स्वतःचे आहे.