सारखे काम, कमी पगार
व्यवस्थापकाचा लिंगभेद बोलण्यापेक्षा पगारपत्रकात आणि कामाच्या वाटपात अधिक सापडतो. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत स्टेनोग्राफर ऑड्री डिकोस्टा यांना पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा कमी पगार मिळे. युनियनशी झालेला करार आणि आर्थिक अडचण, ही कंपनीची दोन्ही कारणे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये फेटाळली, आणि ते योग्यच झाले. पदनाम बाजूला ठेवून प्रत्यक्ष काम तपासायचे, हा त्या निकालाचा निकष शहाडच्या कारखान्यात किंवा ठाण्याच्या ऑफिसातही उपयोगी पडतो. लग्नाची, मुलांची चौकशी फक्त स्त्री उमेदवाराकडे होणे, बाळंतपणाच्या रजेनंतर जबाबदारी काढून घेणे, ‘तिला रात्रपाळी जमणार नाही’ असे परस्पर ठरवून बढती नाकारणे, याही लिंगभेदाच्या खुणाच. अशा घटना तारखेनिशी लिहून ठेवल्या, की त्यांतले सातत्य दिसू लागते.