कलावंत आणि कारागीर (भाग ६) : भट्टीवाल्याची कादंबरी

इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या प्रत्येकाने डी मॉर्गनचे नियम कधी ना कधी पाठ केलेले असतात. ते मांडणारे ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली आपल्याकडे मदुराईत जन्मले आणि पुढे लंडनमध्ये गणिताचे नामवंत प्राध्यापक झाले. आजचा भाग त्यांच्या मुलाविषयी आहे. विल्यम डी मॉर्गन (१८३९–१९१७) यांनी हयातभर फरशा आणि भांडी घडवली, यंत्रं जुळवली, आणि पहिली कादंबरी छापून आली तेव्हा ते ६६ वर्षांचे होते.

रॉयल अकादमीत ते चित्रकला शिकले, पण तिथे मन रमलं नाही. विल्यम मॉरिस आणि बर्न-जोन्स यांच्याशी मैत्री झाल्यावर ते रंगीत काचांच्या खिडक्या करू लागले. काचेवर चांदीचा रंग भाजताना क्वचित एक इंद्रधनुषी झाक उमटते. ती त्यांच्या नजरेने टिपली आणि तीच झळाळी मातीच्या भांड्यावर आणायचा त्यांनी ध्यास घेतला. इराणच्या आणि स्पेनच्या जुन्या कुंभारांना ही विद्या येत होती. विल्यमना ती स्वतःच्या भट्टीत शोधून काढावी लागली. या खटाटोपात एकदा राहत्या घराचं छप्परच पेटलं. १८७२ मध्ये त्यांनी चेल्सीत बस्तान बसवलं.

कृती ऐकायला सोपी आहे. झिलई देऊन भाजलेल्या भांड्यावर तांब्याची किंवा चांदीची संयुगं मातीत कालवून नक्षी काढायची. भांडं पुन्हा भट्टीत ठेवून मंद लाल होईतो तापवायचं आणि मग आत धूर कोंडायचा. धूर संयुगांतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि झिलईवर धातूचा अगदी पातळ पापुद्रा उरतो. भट्टी निवल्यावर वरची माती पुसली की खालून तांबूस किंवा सोनेरी चमक दिसते. आच जराशी चुकली तर सगळा घाणा वाया. चित्रकाराची नजर आणि इंजिनिअरची चिकाटी एकाच माणसात असल्याशिवाय हे जमणारं नव्हतं.

फरशांसाठीही त्यांनी निराळी युक्ती वापरली. पातळ कागदावर रंगवलेलं चित्र फरशीवर चिकटवायचं आणि त्यावर झिलई द्यायची. कागद भट्टीत जळून जाई, रंग फरशीवर बसे. अशा फरशा पी अँड ओ कंपनीच्या डझनभर बोटींवर लागल्या. मुंबईची टपाल आणि उतारू वाहणारी हीच कंपनी. लंडनच्या लेटन हाउसमधल्या अरबी दालनात दमास्कसहून आणलेल्या फरशा बसवताना जिथे तुकडे कमी पडले, तिथे विल्यमनी त्याच तोडीच्या फरशा करून दिल्या. सायकलच्या गिअरपासून भट्टीच्या रचनेपर्यंत त्यांचे प्रयोग चालूच असत.

धंद्याचा हिशेब मात्र त्यांना कधीच जमला नाही. १८८७ मध्ये त्यांनी चित्रकार एव्हलिन पिकरिंग यांच्याशी लग्न केलं. कारखाना पुढे तगला तो बराचसा एव्हलिन यांच्या पैशावर. अखेर १९०७ मध्ये तो बंद झाला.

तोवर दुसरंच काही सुरू झालं होतं. विल्यमनी एका गोष्टीची सुरुवात लिहून बाजूला टाकली होती. ती पानं एव्हलिन यांनी रद्दीत जाऊ दिली नाहीत; पुढे लिहा म्हणून त्या मागे लागल्या. त्यातून १९०६ मध्ये ‘जोसेफ व्हान्स’ आली आणि इंग्लंड-अमेरिकेत गाजली. नायकाचा बाप जुन्या बाजारातली एक पाटी विकत घेतो आणि तिच्या जोरावर बिल्डर बनतो. पोरगा पुढे इंजिनिअर होतो. मला या कादंबरीत सगळ्यात मोलाची वाटते ती कामकरी माणसांविषयीची जाण. ती टेबलाशी बसून येत नाही. चाळीस वर्षं कारागिरांच्या सोबतीत काढल्यामुळे ती आली, म्हणून ती वर्षं लेखनाच्या खात्यातून वजा करणं मला पटत नाही.

मातीने कधी दिला नाही तेवढा पैसा पुस्तकांनी दिला. १९१४ पर्यंत सात कादंबऱ्या आल्या. पहिलं महायुद्ध पेटल्यावर सत्तरी उलटलेले विल्यम पाणबुड्यांविरुद्धच्या उपायांवर प्रयोग करू लागले. जानेवारी १९१७ मध्ये ते गेले तेव्हा दोन कादंबऱ्या अर्ध्यावर होत्या. त्या एव्हलिन यांनी पुऱ्या केल्या. पुढच्या आठवड्यात एव्हलिन यांच्या चित्रांकडे वळू. नवऱ्याच्या भट्टीपायी त्यांचं नाव फार काळ मागे राहिलं.