ईसुरींचे फाग कसे ऐकावेत?

झाशी म्हटले की मराठी वाचकाला १८५७ चा रणसंग्राम आठवतो. त्याच शतकात, झाशी जिल्ह्यातील मऊरानीपूरजवळच्या मेंढकी या गावी ईसुरी हे लोककवी जन्मले. वसंतपंचमीपासून होळीपर्यंत गायिल्या जाणाऱ्या बुंदेली फागाला त्यांनी ‘चौकडिया’ हे आटोपशीर रूप दिले.

चौकडियाची ओळ २८ मात्रांची असते. १६ मात्रांवर विराम आणि पुढे १२ मात्रा. पहिल्या ओळीत विराम व शेवट ही दोन्ही स्थळे एकाच यमकाने बांधलेली असतात. पुढील ओळींत ते यमक केवळ शेवटी येते. कागदावर ही रचना अगदी लहान दिसते. परंतु ढोलक, नगडिया व झांजांच्या साथीत पहिली ओळ पुनःपुन्हा परतते आणि दर वेळी तिचा अर्थ अधिक गडद होतो. एका प्रसिद्ध फागात वर्णन आहे ते भाड्याच्या कच्च्या घराचे. हे घर म्हणजे मानवी देह होय, हे उमगल्यावर परतून आलेले ध्रुवपद मनाला चटका लावते.

होनाजीने रचावे आणि बाळाने गावे, ही परंपरा आपल्या परिचयाची आहे. ईसुरींच्या रचनांशीही धीरे पंडा या गायक साथीदाराचे नाव जोडले जाते. त्यांच्या अनेक फागांत ‘रजऊ’ला उद्देशून बोलणे आहे. कोणी तिला प्रत्यक्ष स्त्री मानतात, तर कोणी हे केवळ लाडके संबोधन समजतात. श्रोत्याने या वादात अडकू नये. त्या एका नावामुळे भर मेळ्यातील गाणे खासगी बोलण्यासारखे कसे होते, याकडे लक्ष द्यावे. मात्र ईसुरी केवळ शृंगाराचे कवी नव्हेत. दुष्काळाने गांजलेल्या खेड्याचे दुःखही त्यांनी याच छंदात मांडले.

२०१६ साली अमेरिकन गीतकार-गायक बॉब डिलन यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा गीताला साहित्य म्हणावे काय, अशी चर्चा झाली. फागाच्या श्रोत्यांपुढे काव्य आणि गायन कधी वेगळे उभेच राहिले नव्हते. म्हणून छापील संग्रहावर समाधान मानू नये, आणि होळीचा गलबला म्हणून फागाची उपेक्षाही करू नये. शब्द आधी वाचावेत, मग जाणत्या गायकाकडून ऐकावेत. चार ओळींत किती आयुष्य मावते, हे तेव्हाच कळते.